अमेरिकेच्या अध्यक्षांना, योग्य मार्गाने

अमेरिकेचं परराष्ट्र धोरण ज्याला पुरतं कळलं होतं असा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो पनवेलच्या मामलेदार कचेरीसमोर चिंचेखाली सतरंजी टाकून बांधाबांधाच्या भांडणांचे अर्ज लिहीत बसायचा. ते माझे घरमालक. खुद्द अमेरिकेला आपलं धोरण कितपत कळलंय याबद्दल त्यांना दाट शंका होती. “त्यांच्याकडे हुशार माणसं आहेत हो,” ते म्हणायचे, “पण एकालाही साधा अर्ज लिहिता येत नसणार. ज्याला आपली मागणी तीन ओळींत मांडता येत नाही, त्याला आपल्याला काय हवंय ते ठाऊक नसतं.” हे वाक्य त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलंय, की पुढे माझ्या लग्नाच्या वेळी सासऱ्यांनी “तुमची काही अपेक्षा?” असं विचारल्यावर मी घाबरून तीन ओळींत उत्तर दिलं आणि चौथ्या ओळीत जे मागायचं होतं ते राहूनच गेलं.

मी पनवेलला आलो तो कचेरीतला आवक-जावक कारकून म्हणून. वय बावीस. येणाऱ्या प्रत्येक कागदावर शिक्का मारायचा, नंबर घालायचा, वहीत नोंद करायची आणि ज्याचं काम असेल त्याच्याकडे कागद धाडायचा, एवढीच माझी नोकरी. एवढ्याशा नोकरीत माणूस किती चुका करू शकतो याचा माझ्याइतका अनुभव साऱ्या कुलाबा जिल्ह्यात कोणाला नसेल. कोंबड्या चोरीला गेल्याचा एक अर्ज मी देवी टोचणाऱ्या डॉक्टरकडे पाठवला होता, आणि त्या सज्जन माणसानं जाऊन उरलेल्या कोंबड्या तपासल्याही होत्या. आमच्या अव्वल कारकुनांच्या बदलीचा हुकूम मी तगाई-कर्जाच्या गठ्ठ्यात बांधून टाकला; तो सापडेपर्यंत ते आठ महिने खुशीत पनवेलातच राहिले आणि पुढे जन्मभर मला संक्रांतीला तिळगुळाचा डबा पाठवत राहिले. अशा माणसाला पडवीतली खोली भाड्यानं देताना घरमालकांनी फक्त एकच चौकशी केली. “आवक-जावकला आहात? वा! म्हणजे अर्ज जातो कुठे ते आता घरबसल्या कळेल.” त्या दिवसापासून ते मला नावानं हाक मारेनासे झाले. “अहो आवक-जावक, चहा घेताय ना?” असंच चालायचं.

त्यांच्या अर्ज लिहिण्याचं वैशिष्ट्य असं, की तालुक्यातल्या कुठल्याही भांडणातला वादीही त्यांच्याकडेच यायचा आणि प्रतिवादीही. दोघांनाही ते तितक्याच तळमळीनं लिहून द्यायचे. एकदा खाडीकाठचा एक आगरी सकाळीच आला. “काका, त्यानी माज्या बांदावरशी गाडीवाट काढलीन. आमी शेती करावी का गाड्या मोजाव्या?” घरमालकांनी असा अर्ज लिहिला, की वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. दुपारी तो गाडीवाटवाला हजर. “काका, माज्या बापाच्या येलेपासून ती वाट हाय, आनि आता तो म्हनतो नाय!” घरमालकांनी सकाळचा अर्ज माझ्याकडून मागवून घेतला, चष्मा पुसला, वाचला आणि संतापानं लाल झाले. “कोणा गाढवानं लिहिलाय हा? कायद्याचा गंध तरी आहे का?” मी भीतभीत म्हणालो, “काका, तुमचंच अक्षर आहे.” “अक्षर माझं आहे,” ते म्हणाले, “पण मुद्दे त्याचे आहेत.” आणि त्यांनी दुपारच्या अर्जात सकाळच्या अर्जाच्या चिंधड्या उडवल्या. हे नाटक नव्हतं. संध्याकाळी घरी येईपर्यंत ते स्वतःवर खरोखरच रुसलेले असत आणि काकूंनी वाढलेली भाजी न बोलता खात.

बोलताना ते सहसा ‘मी’ म्हणत नसत. ‘अर्जदार’ म्हणत. “अर्जदारास काल रात्रीपासून कणकण आहे.” “आमटीत मीठ नसल्याबाबत अर्जदाराची तक्रार आहे.” काकूंचा संसार या माणसाबरोबर तीस वर्षं झाला होता, त्या चुलीपासून मान न वळवता सांगायच्या, “तक्रार नामंजूर. मीठ शेजारीच ठेवलंय.” घरमालकांना बायकोच्या या कामकाजाबद्दल फार आदर होता. “निकाल विरुद्ध जातो,” ते म्हणायचे, “पण लवकर लागतो.”

ओट्यावर जगाचा एक नकाशा टांगलेला होता. तो कुठल्याशा शाळेनं टाकून दिलेला. आफ्रिकेचा खालचा भाग वाळवीनं नेलेला. त्या नकाशावर त्यांनी पेन्सिलीनं अरब मुलुखाचे पोटहिस्से पाडले होते आणि कोणाचा कब्जा, कोणाची नुसती वहिवाट, हे बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं. वर्तमानपत्र आलं, की त्या नोंदींत खाडाखोड. त्यांच्या मते दुनियेत भांडणं तीनच: बांधाचं, वाटेचं आणि पाण्याचं. बाकी सगळं त्यातूनच निघतं. आणि अमेरिकेचा आजार त्यांनी केव्हाच ओळखला होता. “दोन्ही पक्षांचं वकीलपत्र घेते हो ती! मुसलमान मुलखांना जाऊन सांगते, मी तुमची. त्यांच्या शेजाऱ्याला सांगते, मी तुझीच. पाकिस्तानला तोफा देते आणि आपल्याला गहू. एका घरात कोयता, दुसऱ्या घरात दुधाची भुकटी, आणि वर दोघांना म्हणते नांदा सौख्यभरे. त्या बगदाद कराराचं काय झालं? इराक, इराण, तुर्कस्तान, सगळ्यांना एका कागदावर सह्या करायला बसवलं, आणि ही बाई स्वतः दाराबाहेर उभी. सही करणार नाही, पण कागदावर नजर ठेवणार. असल्या साक्षीदाराला कुठलं कोर्ट विचारील?”

हे ऐकायला रोज संध्याकाळी एकच श्रोता यायचा. पलीकडच्या घरातले सारंगचाचा. मोहल्ला आमच्या भिंतीला लागूनच सुरू व्हायचा आणि त्यातलं पहिलं घर चाचांचं. जन्मभर बोटीवर काढून, खलाशांचे सारंग, म्हणजे मुकादम, होऊन ते घरी बसले होते. ज्या मुलखांविषयी घरमालक नकाशावरून बोलत, तिथं चाचा पायांनी जाऊन आले होते. त्यामुळे वाद व्हायचाच.

“अरे अर्जवाल्या, तू अमेरिकेला नावं ठेवतोस,” चाचा विडी पेटवत म्हणायचे. “आनि तू काय करतोस? सकालला बांदवाला, दुपारला वाटवाला. पनवेलची अमेरिका तूच हायस!”

“फरक आहे, सारंग. मी दोघांना अर्ज देतो. तोफा नाही देत.”

“तुज्याकडं नायत म्हनून.”

यावर घरमालक गंभीर होऊन विचार करीत. मग म्हणत, “हा मुद्दा अर्जदारास मान्य नाही, पण तूर्त उत्तर सुचत नाही.”

असं सगळं सुखात चाललं होतं, आणि मग सुएझचं प्रकरण उभं राहिलं. अमेरिकेनं इजिप्तला धरणासाठी मदत देऊ केली आणि मग हात आखडता घेतला. इजिप्तच्या कर्नलनं चिडून कालवाच ताब्यात घेतला. घरमालकांना पहिले काही महिने हे प्रकरण म्हणजे मेजवानी होती. वाट आणि पाणी एकाच दाव्यात! “असला खटला शंभर वर्षांत एकदा येतो,” ते म्हणाले, आणि नकाशावर सुएझपाशी इतकं लिहिलं, की तिथं भोक पडलं. पण दिवाळीच्या तोंडाशी इंग्रज, फ्रेंच आणि इस्रायल मिळून इजिप्तवर चालून गेले, कालव्यात बोटी बुडवल्या गेल्या, वाट बंद झाली, आणि मेजवानी एका दिवसात विटली. कारण चाचांचा धाकटा मुलगा त्या कालव्यात होता. एका मालवाहू बोटीवर खलाशी. पोर्ट सैदहून त्याचं पत्र आलं होतं, ‘उद्या कालव्यात शिरतोय’ एवढंच. त्यानंतर काही नाही.

चाचा मुंबईला जाऊन बोटीच्या कंपनीत तीनदा चौकशी करून आले. तिन्ही वेळा तिथल्या कारकुनानं मान वर न करता सांगितलं, “खबर आली की कळवू.” चाची बोलेनाशा झाल्या. रोज संध्याकाळी त्या दारात बसत आणि टपालवाल्याची सायकल आली की उठून उभ्या राहत. ती पुढे गेली की पुन्हा बसत. घरमालकांनी हे चार दिवस पाहिलं. पाचव्या दिवशी सकाळी चाचांना समोर बसवून त्यांनी विचारलं, “सारंग, पोर अडकलंय कोणामुळे?”

“इंग्रजामुले.”

“इंग्रजाच्या वरचा साहेब कोण?”

चाचांनी विडी खाली ठेवली. त्यांनी अशा दृष्टीनं कधी विचार केला नसावा. “आता तर अमेरिकाच म्हनायची.”

“मग अर्ज तिथं जायचा,” घरमालक म्हणाले आणि त्यांनी बोरू काढला. ठेवणीतल्या अर्जाला ते टाक वापरत नसत.

तो अर्ज मी पुढे इतक्या वेळा वाचला, की आजही तोंडपाठ आहे. ‘मेहेरबान अध्यक्षसाहेब, अमेरिका, यांचे सेवेशी, अर्जदार राहणार पनवेल, विनंती अर्ज करितो ऐसा जे’ अशी सुरुवात. विषय: ‘जलमार्गावरील बेकायदा कब्जा उठवणे व वहिवाट खुली करणेबाबत.’ प्रतिवादी एक, इंग्रज. प्रतिवादी दोन, फ्रेंच. प्रतिवादी तीन, इस्रायल. मागण्याही तीन. एक, प्रतिवादींनी कब्जा सोडावा. दोन, पुन्हा हरकत करू नये. तीन, अर्जदाराचे शेजारी यांचा मुलगा सदर जलमार्गात बोटीवर आहे, तो सुखरूप असल्याची खबर त्याच्या आईस मिळावी. अर्ज मराठीत होता. इंग्रजीत नको का, असं काकूंनी विचारलं तर म्हणाले, “तर्जुमा करून घेणं हे कचेरीचं काम असतं. अर्जदाराचं नव्हे.”

आता कोणीही शहाण्या माणसानं तो पाकिटात घालून टपालात टाकला असता. पण घरमालकांचा अर्ज-धर्म कडक होता. मोठ्या साहेबाला थेट लिहिलेला अर्ज साहेब वाचत नाही; तो खालून वर, एकेक सही घेत, योग्य मार्गानंच गेला पाहिजे. पनवेलहून मामलेदार, मग प्रांत, मग अलिबागला कलेक्टर, मग मुंबई, मग दिल्ली, मग अमेरिका. म्हणून त्यांनी त्यावर कोर्ट-फीचं तिकीट लावलं, कोपऱ्यात ‘योग्य मार्गाने’ असं लिहिलं, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर कचेरी उघडली त्या सकाळी बाकीच्या अर्जांबरोबर तो माझ्या टेबलावर ठेवून दिला.

सुट्टीनंतरचा ढीग होता. मी फक्त विषयाची ओळ वाचायचो, हे इथे कबूल करतो. बेकायदा कब्जा. वहिवाट. रोज असे वीस यायचे. मी शिक्का मारला, आवक नंबर घातला, तीनशे बेचाळीस, आणि समासात लाल शाईनं लिहिलं: ‘तलाठी, पनवेल. स्थळपाहणी करून आठ दिवसांत अहवाल सादर करावा.’ पोच फाडून घरमालकांच्या हातात दिली आणि पुढचा कागद उचलला. घरमालकांनी ती पोच चाचींना नेऊन दिली. “हा नंबर, वहिनी. आता केस चालू झाली.”

आमचा तलाठी आलेल्या हुकुमाबद्दल कधी प्रश्न विचारत नसे. पाचव्या दिवशी तो दोन पंच घेऊन आमच्या ओट्यावर हजर झाला आणि म्हणाला, “अर्जाच्या चौकशीसाठी आलोय.” घरमालकांचा चेहरा मी विसरणार नाही. “पाच दिवसांत!” ते मला आत येऊन कुजबुजले. “पनवेलहून अमेरिका आणि परत, पाच दिवसांत! आवक-जावक, आपल्याकडे बांधाची चौकशी तीन वर्षं होत नाही. अमेरिका म्हणजे अमेरिका!” मी काय करून बसलोय ते मला तेव्हाच लख्ख दिसलं. सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ते कोट घालून जबाब द्यायला बाहेर गेलेही.

तलाठ्याचा अहवाल असा: ‘सदर जलमार्ग गावच्या नकाशात आढळून येत नाही. खाडीपर्यंत जाऊन समक्ष पाहणी केली. खाडीत कोणाचाही कब्जा नाही. दोन होड्या व काही म्हशी आहेत. अर्जदार जातीने हजर. प्रतिवादी नंबर एक यास बोलावूनही हजर नाही. सदर इसम स्वातंत्र्यापासून या तालुक्यात राहत नाही असे पंच सांगतात. प्रतिवादी दोन व तीन यांचा पत्ता अपुरा.’ खाली पंचांचे अंगठे.

मामलेदारसाहेबांनी मला आत बोलावलं. कागद त्यांनी दोन बोटांत धरला होता.

“हा शिक्का तुमचा?”

“होय, साहेब.”

“अमेरिका आपल्या तालुक्यात कधीपासून आली?”

मी बगलेतली आवक-वही उघडून तीनशे बेचाळीस नंबर शोधू लागलो.

“परदेशच्या सरकारशी पत्रव्यवहार! हा वर गेला तर माझी बदली आणि तुमची नोकरी. दाबून ठेवा. कोणाला बोलू नका. आणि यापुढं,” ते थांबले, “यापुढं अर्जाच्या निदान दोन ओळी वाचत जा.”

अर्ज माझ्या खणात गेला. आणि मी, ज्याला रोज त्या माणसाच्या ओट्यावर चहा मिळायचा, तो तोंड मिटून बसलो. नोकरी जाईल ही भीती खरी. पण त्यांच्या चेहऱ्यावरचा तो उजेड माझ्या तोंडून विझवायचा, हे त्याहून अवघड वाटत होतं.

त्यातच जग माझ्या मदतीला, म्हणजे खरं तर मला पुरतं बुडवायला, धावून आलं. वर्तमानपत्रात छापून आलं, की अमेरिकेनंच इंग्रजांना लढाई थांबवायला लावलं! मग आलं, की फौजा परत जाणार. डिसेंबरात गेल्याही. घरमालकांनी त्या दिवशी अख्ख्या आळीला वर्तमानपत्र वाचून दाखवलं. “मागणी एक, मंजूर! मागणी दोन, मंजूर! प्रतिवादीला कब्जा सोडायचा हुकूम झाला!” नकाशावरचं भोक त्यांनी कागद चिकटवून बुजवलं. चिंचेखाली गर्दी वाढली. ज्याच्या अर्जानं इंग्रज उठला, त्याच्याकडून बांधाचा अर्ज कोण लिहून घेणार नाही? काकूंनी गोडाचा शिरा केला आणि एक वाटी भिंतीवरून चाचींना दिली. चाचींनी ती घेतली आणि फक्त एवढंच विचारलं, “आनि माज्या नंबराचं?”

घरमालक वर्तमानपत्र पुन्हा पहिल्यापासून चाळू लागले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आठवडा गेला तशी त्यांची कळा उतरली. ते चिंचेखाली जाईनात. ओट्यावर बसले तर चाचींच्या दाराकडे पाठ करून बसत. एके संध्याकाळी मला म्हणाले, “आवक-जावक, पहिल्या दोन मागण्या मी भरतीला घातल्या होत्या हो. एकच मागणी मागितली की साहेबाला अर्ज रिकामा वाटतो, म्हणून. खरी मागणी तिसरी. आणि तिचा नुसता उल्लेख नाही! नामंजूर असं तरी लिहा! या लोकांना कालवा दिसतो, फौजा दिसतात. आणि आई दारात बसलीय ती?” त्यांनी चष्मा काढून ठेवला. “असल्या साहेबाला मी ‘मेहेरबान’ लिहिलं.”

मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. शिक्का, लाल शाई, तलाठी, मामलेदार, खण. मला वाटलं, खोली सोडायला सांगतील, आणि सांगितलं असतं तर बरंच झालं असतं. पण ते म्हणाले, “म्हणजे अर्ज पनवेलच्या बाहेरच गेला नाही.”

“नाही.”

“म्हणजे तिसरी मागणी त्यांनी नाकारली नाही.”

“त्यांना ठाऊकच नव्हती, काका.”

त्यांनी मोठा सुस्कारा सोडला. एखाद्यावर खोटा आळ घेतला होता आणि तो मागे घेता आला, अशा माणसाचा तो सुस्कारा होता. “तरीच,” ते म्हणाले. “बिचारी अमेरिका.” मग माझ्याकडे वळून, “तुमच्याबद्दल नंतर बघू.” ते नंतर कधीच आलं नाही, आणि त्याची टोचणी मला अजून आहे.

कोट घालून ते तडक चाचांकडे गेले. मीही मागोमाग. चाचा अंगणात जाळं सांधत बसले होते. घरमालकांनी उभ्याउभ्याच सांगितलं, “सारंग, अर्ज गेला नव्हता. चूक झाली.” चूक कोणाची ते बोलले नाहीत.

चाचांनी मान वर केली नाही. “मला म्हायती हाय.”

“कधीपासून?”

“पैल्या दिसापासून. अरे, मी त्या कालव्यातनं उभा जलम गेलो. मामलेदाराच्या कचेरीतनं अमेरिकेला कागद जात नाय, येवढं मला कलतं.” मग आतल्या दाराकडे पाहून त्यांनी आवाज खाली केला. “पन तिला बोलू नकोस. पोराची खबर थांबल्यापासनं ती झोपली नवती. तू नंबर आनून दिलास, त्या राती झोपली. तो कागद उशीखाली घेऊन झोपते. म्हनते, नंबर लागलाय, आता खबर यील.”

घरमालक ओसरीवर बसले. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “आवक-जावक, त्या अर्जाला तारीख द्या.”

आणि मी दिली. आयुष्यात सरकारी कागद मुद्दाम लांबवला तो तेवढाच. दर सोमवारी चाची कचेरीच्या पायरीशी येत, मी खणातून तो अर्ज काढून उगाच पाहत असे आणि सांगत असे, “पुढच्या सोमवारी, चाची. कागद वर गेलाय.” “कुठवर ग्येला?” “अलिबाग.” पुढच्या सोमवारी मुंबई. मग दिल्ली. त्यापुढे तो बोटीत बसला. आमचे मामलेदारसाहेब एकदा हे सगळं दारात उभे राहून ऐकत होते. मला वाटलं, संपलो. ते आत गेले आणि खुर्ची ओढल्याचा आवाज आला, बस्स.

जानेवारी सरता सरता, सोमवार नसताना, चाची धापा टाकत थेट माझ्या टेबलापाशी आल्या. पायात वहाण नाही. हातात पाकीट. “वाच!” मी वाचलं. पोरगा सुखरूप होता. कालव्याच्या मधल्या तळ्यात बोटी अडकून पडल्या होत्या; रोज डाळ-भात, आणि शेजारच्या बोटीवरच्या खलाशांबरोबर पत्ते. पत्रं जायला वाट नव्हती. मग एक दिवस निळ्या टोपीचा एक साहेब होडीतून आला आणि सगळ्यांच्या चिठ्ठ्या गोळा करून घेऊन गेला. साहेब कुठला ते ठाऊक नाही, असं पोरानं लिहिलं होतं. निळी टोपी संयुक्त राष्ट्रांची, एवढं मी वर्तमानपत्रात वाचलं होतं.

“अमेरिकेचा,” चाची म्हणाल्या. “दुसरा कोन? तुमीच सांगितलंत ना, कागद बोटीत बसला म्हनून?”

सारी कचेरी माझ्या तोंडाकडे पाहत होती. “होय, चाची,” मी म्हणालो. पोरगा वैशाखात घरी आला आणि त्यानं आणलेल्या खजुराचा पहिला डबा, चाचींच्या हुकुमावरून, माझ्या टेबलावर ठेवला. खजूर मला गोड लागला नाही असं म्हणायची सोय नाही. मी तो सगळा खाल्ला.

पुढची मजा अशी, की साऱ्या मुसलमान मुलखात अमेरिकेला एक कायमचं घर मिळालं ते पनवेलच्या मोहल्ल्यात, भिंतीलगत पहिलं. दीड वर्षानं अमेरिकेची फौज लेबनानच्या किनाऱ्यावर उतरली, तेव्हा ओट्यावर घरमालक आणि चाचा पहिल्यांदाच एका बाजूला आले आणि दोघांनी मिळून तिचा उद्धार सुरू केला. “दुसऱ्याच्या अंगणात बूट घालून—” घरमालकांचं वाक्य ऐन रंगात होतं, तेवढ्यात चाची दारातून कडाडल्या. “त्या साहेबाला वाईट बोलायचा नाय! माज्या पोराची खबर कोनी आनली? तुमच्या गप्पांनी?” दोघेही शाळेतल्या पोरांसारखे गप्प झाले. चाचांनी डोळ्यांनीच घरमालकांना सांगितलं, बोलू नकोस. तेव्हापासून त्या ओट्यावर अमेरिकेवरची टीका कुजबुजत चालायची. आवेश तोच, हातवारे तेच, फक्त आवाज नाही. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, दोन म्हातारे कोणाच्या तरी सोयरिकीचं ठरवतायत.

माझी बदली झाली, मग दुसरी, मग तिसरी. सदुसष्ट साली कालवा पुन्हा बंद झाला त्या जूनमध्ये कामानिमित्त पनवेलला गेलो, तो घर शोधत गेलो. चाचा दोन वर्षांपूर्वी गेले होते. काकू आणि चाची ओट्यावर एका सुपात तांदूळ निवडत होत्या. घरमालकांना आता दिसत नव्हतं. माझा आवाज ऐकताच म्हणाले, “कोण, आवक-जावक? बरं झालं आलात. अर्जदारास वाचून दाखवायला कोणी नाही.” आणि वर्तमानपत्र पुढं केलं. चाचींचा मुलगा तेव्हाही बोटीवरच होता. विलायतेहून निघालाय, एवढंच घरात ठाऊक होतं.

मी पहिली बातमी मोठ्यानं सुरू केली. कालवा, लढाई, अमेरिका. त्यांनी चाचपडत माझा हात धरला. “हळू,” ते म्हणाले. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन वाचू लागलो.

“काय लिवलाय रं?” सुपावरून चाचींनी विचारलं. “कालव्याचा काय हाय काय?”

घरमालकांनी त्यांच्या दिशेनं तोंड वळवलं. आयुष्यभर दोन्ही पक्षांची बाजू लिहिलेला तो माणूस सावरून बसला. “आहे ना, वहिनी,” ते ठणठणीत आवाजात म्हणाले. “अमेरिकेचा साहेब स्वतः लक्ष घालतोय म्हणे.”

“मंग ठीक हाय,” चाची म्हणाल्या, आणि त्यांची बोटं पुन्हा तांदळातून फिरू लागली. मुलगा आफ्रिकेला वळसा घालून दोन महिन्यांनी घरी पोचला, असं काकूंनी मला नंतर पत्रानं कळवलं. त्याच पत्रात घरमालक गेल्याचंही होतं. मुलाच्या बोटीची खबर त्यांच्या कानावर गेली होती की नाही, ते मात्र काकूंनी लिहिलं नव्हतं, आणि मला विचारायचा धीर झाला नाही.